यू-१८०: वेगासाठी बांधलेली, ओझ्याला लावलेली पाणबुडी

नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून पाणबुडीने पूर्वेकडे आले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या पाणबुडीचा क्रमांक, तिचा कप्तान, तिने वाटेत काय केले आणि नेताजी उतरून गेल्यावर तिचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. इथे नेताजी प्रवासी आहेत आणि पाणबुडी मुख्य पात्र. यू-१८० ची नौदलातली कारकीर्द १६ मे १९४२ ते ऑगस्ट १९४४, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षांची. मोहिमा दोन, त्यांतली दुसरी तर सुरू होताच संपली. बुडवलेली जहाजे दोन. या आकड्यांकडे पाहिले तर तिचे नाव इतिहासाच्या तळटीपेतसुद्धा आले नसते. नाव राहिले ते दोन माणसांना तिने भर समुद्रात दुसऱ्या पाणबुडीच्या हवाली केले म्हणून.

माझ्या मते तिची खरी गोष्ट तिच्या इंजिनघरात आहे.

सहा इंजिने

जर्मन नौदलाच्या लांब पल्ल्याच्या पाणबुड्यांना नववा प्रकार म्हणत. त्याच्या डी मालिकेतल्या बोटी हिंदी महासागरापर्यंत मजल मारता यावी म्हणून मोठ्या केलेल्या होत्या. या मालिकेचे दोन उपप्रकार झाले. डी-२ मध्ये नेहमीची, जड पण भरवशाची डिझेल इंजिने होती. डी-१ मध्ये वेगळा प्रयोग केला गेला: लहान, वेगवान टॉर्पेडो-बोटींसाठी तयार केलेली मर्सिडीज-बेंझची एमबी ५०१ ही वीस सिलिंडरची इंजिने, एक-दोन नव्हे, सहा. प्रत्येकी १,५०० अश्वशक्ती, एकूण ९,०००. नवव्या प्रकारच्या नेहमीच्या बोटीत ४,४०० असत. पृष्ठभागावरचा वेग जवळपास २१ नॉट. त्या काळच्या पाणबुडीसाठी हा आकडा डोळ्यांत भरणारा होता, आणि कागदावर पटणाराही. पाणबुड्या बहुतेक वेळ पाण्यावरूनच चालत. जिचा वेग जास्त, ती ताफ्याला गाठून पुढे जाऊ शकते आणि रात्रीत हल्ला करून निसटू शकते.

डी-१ च्या दोनच बोटी बनल्या, यू-१८० आणि यू-१९५. दोन्ही ब्रेमेनच्या ए. जी. वेझर गोदीत. यू-१८० चे बांधकाम फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले, डिसेंबरात ती पाण्यात उतरली आणि पुढच्या मेमध्ये नौदलात दाखल झाली. लांबी साडेसत्याऐंशी मीटर, पृष्ठभागावर असतानाचे वजन १,६०० टनांवर, पुढे चार आणि मागे दोन टॉर्पेडो-नळ्या. कप्तान म्हणून फ्रेगाटनकॅपिटेन वेर्नर मुझेनबर्ग आला. पाणबुड्यांवर विशीतल्या पोरसवदा अधिकाऱ्यांचीच गर्दी असे. हा १९२५ च्या तुकडीतला, म्हणजे त्या मानाने ज्येष्ठ आणि मोठ्या हुद्द्याचा माणूस.

टॉर्पेडो-बोटीचे इंजिन थोड्या तासांच्या धावपळीसाठी असते. रात्री निघायचे, झडप घालायची, सकाळच्या आत बंदरात परतायचे, आणि तिथे मिस्त्री वाट पाहत असतात. तेच इंजिन चार-पाच महिने बंदराचे तोंड न पाहता, उष्ण कटिबंधाच्या पाण्यात, बंद पोलादी नळकांड्यात चालवायचे म्हणजे शर्यतीचा बैल बारमाही नांगराला जुंपण्यासारखे होते. ती इंजिने तापत, बिघडत आणि काळा धूर सोडत. लपून राहणे हेच जिचे शस्त्र, त्या बोटीला धूर परवडत नाही. शिवाय तेल खाण्यातही ती पुढे होती. डी-२ च्या बोटींचा पल्ला डी-१ च्या दुपटीहून अधिक होता.

तुलना करायला दुसरी बोट शोधावी लागत नाही. यू-१८१ ही डी-२ प्रकारची, त्याच गोदीतली, आणि यू-१८० च्या आधी बरोबर एक आठवडा नौदलात आलेली. १९४३ च्या मार्चमध्ये तिचा कप्तान वोल्फगांग ल्यूट फ्रान्समधल्या बोर्डो बंदरातून निघाला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापलीकडे त्याच पाण्यात वावरला, ऑक्टोबरात परतला आणि येताना दहा जहाजांचा हिशेब लिहून आणला. यू-१८० च्या नावावर त्या वर्षी दोन जहाजे लागली. यू-१८० वर जबाबदारी वेगळी होती आणि कप्तानांच्या कौशल्यातही फरक असणारच. तरीही गोदी तीच, मोसम तोच, महासागर तोच असताना एवढी तफावत पडते तेव्हा यंत्राकडे बोट दाखवणे भाग आहे.

कीलचा धक्का

फेब्रुवारी १९४३. २ तारखेला स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याचा शेवटचा गट शरण आला होता. ३० जानेवारीला नौदलप्रमुख रेडर पायउतार झाला आणि पाणबुड्यांचा सेनापती कार्ल ड्योनिट्झ साऱ्या नौदलाचा प्रमुख झाला. बर्लिनमध्ये जवळपास दोन वर्षे काढलेल्या नेताजींना जर्मनीकडून जे हवे होते ते मिळाले नव्हते. मे १९४२ मध्ये हिटलरची भेट झाली, पण भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा काही पदरात पडली नाही. दरम्यान फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानने घेतले होते आणि युद्धकैदी झालेले हजारो भारतीय सैनिक तिकडे होते. पूर्वेला जायला हवे, हे नेताजींना केव्हाच उमगले होते. प्रश्न कसे जायचे हा होता. विमानाचा विचार झाला, इटलीच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणाची शक्यता तपासली गेली, आणि शेवटी पाणबुडी ठरली.

जर्मन परराष्ट्र खात्याच्या भारत विभागाचा प्रमुख आदाम फॉन ट्रॉट या सगळ्या जुळवाजुळवीत होता. त्याचे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

९ फेब्रुवारीला नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन कील या जर्मन बंदरात यू-१८० वर चढले. पत्नी एमिली शेंकल आणि अडीच महिन्यांची मुलगी अनिता मागे राहिल्या. हसन मूळचे हैदराबादचे, जर्मनीत शिकायला आलेले. स्वातंत्र्यानंतर ते भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले. पाणबुडीच्या आतली जी काही माहिती आपल्याला आहे, तिचा मोठा भाग त्यांच्या आठवणींतला आहे. ती वाचताना हे ध्यानात ठेवावे की आठवणी सांगणारा माणूस नाविक नव्हता. त्याला डिझेलचा वास आठवतो, अरुंद बिछाने आठवतात, भांडारात तांदूळ आणि डाळ सापडल्यावर शिजवलेली खिचडी आठवते. इंजिनांनी किती वेळा दगा दिला, हे त्याच्याकडून कळणार नाही.

नेताजींचा दिनक्रम मात्र हसन यांनी नीट टिपला आहे. स्वतःच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती तयार करणे, भाषणे सांगून लिहवून घेणे, जपानचा पंतप्रधान तोजो भेटला तर काय बोलायचे याची तालीम करणे. तालमीत तोजो व्हायचे काम हसनकडे. स्त्रियांची एक पलटण उभारायची कल्पनाही या प्रवासात घोळत होती. तिला पुढे झाशीच्या राणीचे नाव मिळाले. आणीबाणीच्या एका क्षणी हसन यांचा हात थांबला, तेव्हा मी दोनदा सांगितले तरी तू लिहून घेतले नाहीस, अशा अर्थाचे नेताजी बोलल्याची आठवण प्रसिद्धच आहे. ती शब्दशः खरी असो वा थोडी घोटलेली. अडीच महिने त्या डब्यात बसून आझाद हिंद सेनेच्या पुढच्या वर्षभराची आखणी झाली, एवढे तिच्यातून दिसते.

बोट नॉर्वेच्या किनाऱ्याने वर गेली, ब्रिटिश बेटांना उत्तरेकडून वळसा घालून अटलांटिकमध्ये उतरली आणि आफ्रिकेच्या दिशेने दक्षिणेला लागली.

याच दिवसांत, ९ मार्चच्या रात्री, गोव्यात मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर इंग्रजांनी छुपा हल्ला केला. हे जहाज बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना बातम्या पुरवते, असा इंग्रजांचा संशय होता. यू-१८० आणि मुरगाव ही दोन प्रकरणे एकत्र गुंफण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो, कारण महिना जुळतो आणि गोष्ट रंगतदार होते. त्या रात्री यू-१८० अजून अटलांटिकमध्ये होती आणि भारताच्या किनाऱ्याजवळ जाण्याचा तिचा बेतही नव्हता.

कॉर्बिस

१८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला यू-१८० ने ‘कॉर्बिस’ हे ८,१३२ टनांचे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. तेलाने पेट घेतला. जहाजावरच्या लोकांपैकी मोजकेच वाचले.

आपल्याकडच्या कथनांत हा प्रसंग एका ओळीत येतो, तोही बहुधा नेताजी किती निश्चल राहिले हे दाखवायला. मला त्यात दोन गोष्टी खटकतात.

पहिली लष्करी. दहा दिवसांनी एका ठरलेल्या ठिकाणी जपानी पाणबुडी भेटणार, पोटात असा प्रवासी ज्याच्यासाठी दोन देशांच्या राजदूतांनी तारा झिजवल्या, आणि वाटेत टॉर्पेडो सोडायचा? जहाज बुडते तेव्हा त्याचा बिनतारी संदेश जातो, विमाने शोधाला निघतात, त्या टापूत पाणबुडी आहे हे जगाला कळते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नौदलाच्या दृष्टीने ही युद्धमोहीमच होती. भरलेले तेलवाहू जहाज समोरून जाऊ देणे मुझेनबर्गला वरिष्ठांपुढे जड गेले असते. एकाच बोटीला दूत आणि शिकारी अशी दोन कामे दिली की असे होणारच. दोष मी कप्तानाला देणार नाही, मोहीम आखणाऱ्यांना देईन.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची आहे. ब्रिटनची व्यापारी जहाजे त्या काळी हजारो भारतीय खलाशांच्या बळावर चालत. सिल्हेट-चितगावचे होते, तसे रत्नागिरीचे आणि गोव्याचेही होते. कोकणातल्या कितीतरी घरांत बोटीवर गेलेला एक तरी माणूस असे. जर्मन आणि जपानी टॉर्पेडोंनी त्यांतले हजारो मारले. भारताच्या स्वातंत्र्यासाठी निघालेला नेता ज्या बोटीत होता, त्याच बोटीच्या टॉर्पेडोंपुढे भारतीय खलाशांनी चालवलेली जहाजेही केव्हाही येऊ शकत होती. यावर निवाडा द्यायची मला घाई नाही, पण हे वगळून लिहिलेला वृत्तांत अर्धाच आहे.

२८ एप्रिल

जपानची आय-२९ ही पाणबुडी एप्रिलच्या सुरुवातीला पेनांगहून निघाली होती. तिच्यावर कॅप्टन तेराओका मासाओ हा पथकप्रमुख होता. एखाद्या नागरिकाला युद्धनौकेवर घ्यायचे कसे, असा नियमाचा मुद्दा जपानी नौदलाने आधी काढला होता. बोस हे खासगी नागरिक नव्हेत, भारतीय मुक्तिसेनेचे सेनापती आहेत, असे उत्तर बर्लिनहून गेले आणि तो मिटला.

मादागास्करच्या आग्नेयेला खुल्या समुद्रात २६ एप्रिलला दोन्ही बोटी एकमेकींच्या नजरेत आल्या. समुद्र खवळलेला होता. दोन लांबलचक पाणबुड्या अशा लाटांत एकमेकींना लावता येत नाहीत, आपटल्या तर दोन्ही कामातून जातात. थांबणेही धोक्याचे, कारण पाण्यावर उघड्या उभ्या असलेल्या पाणबुडीइतके सोपे लक्ष्य विमानाला मिळत नाही. तरी थांबावे लागले. २८ एप्रिलला नेताजी आणि हसन रबरी तराफ्यावरून, दोराच्या आधाराने, चिंब भिजत पलीकडे गेले. दोन वेगळ्या देशांच्या पाणबुड्यांमध्ये असे नागरिकांचे हस्तांतर दुसऱ्या महायुद्धात दुसरीकडे झाल्याची नोंद नाही.

उलट दिशेने दोन जपानी अधिकारी आले: कॅप्टन एमी तेत्सुशिरो आणि पाणबुड्यांचा अभिकल्पक तोमोनागा हिदेओ. पाणबुडी पाण्याखाली इंजिन बंद ठेवून एकाच खोलीवर स्थिर राहावी, यासाठी स्वयंचलित यंत्रणा तयार करणारा हाच. त्यांच्याबरोबर जपानी शस्त्रांचे नमुने आणि जर्मन तंत्रज्ञानाचे मोल म्हणून दोन टन सोने आले. जर्मनांनी यंत्रांचे आराखडे आणि शस्त्रांचे नमुने दिले. बर्लिन आणि टोकियोच्या हिशेबात या भेटीचे मुख्य काम हेच असावे असे मला वाटते. प्रवासी हा त्या मालाच्या जोडीने गेलेला राजकीय डाव. आपल्याला भेट आठवते ती नेताजींमुळे, त्यांच्या खतावणीत मात्र सोने आधी लिहिलेले असणार.

आय-२९ ने त्या दोघांना ६ मे रोजी सुमात्राच्या उत्तर टोकाजवळच्या सबांगला उतरवले. कीलपासून ८६ दिवस झाले होते, त्यांतले ७८ यू-१८० वर.

परतीचा माल

यू-१८० एकटी मागे वळली. ३ जूनला दक्षिण अटलांटिकमध्ये ‘बोरिस’ हे ५,१६६ टनांचे ग्रीक मालवाहू जहाज तिने बुडवले. ती दूर दक्षिणेत असताना उत्तर अटलांटिकमध्ये पाणबुडी-युद्धाचे पारडे फिरले होते. एकट्या मे १९४३ मध्ये जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या गेल्या आणि ड्योनिट्झने बाकीच्या तिथून मागे घेतल्या. बिस्केच्या उपसागरावर ब्रिटिश विमानांची रात्रंदिवस गस्त होती. धूर सोडणारी बोट त्यातून ३ जुलैला बोर्डोला सुखरूप लागली, यात मुझेनबर्गचे श्रेय नाकारता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, सिंगापूरच्या कॅथे इमारतीत रासबिहारी बोस यांनी पूर्व आशियातल्या चळवळीची सूत्रे नेताजींच्या हाती दिली.

त्यानंतर यू-१८० लढायला म्हणून कधी निघाली नाही. नौदलाने डी-१ चा प्रयोग गुंडाळला. दोन्ही बोटींची सहा-सहा इंजिने काढून नेहमीची, कमी ताकदीची डिझेल इंजिने बसवली, टॉर्पेडोंची सोय काढून टाकली आणि त्यांना सुमारे अडीचशे टन माल नेणाऱ्या वाहतूक-पाणबुड्या बनवले. ज्या वेगासाठी हा सारा खटाटोप झाला तोच आधी गेला. या दुरुस्तीत बोट वर्षभर बोर्डोत पडून राहिली. कप्तान बदलले; शेवटी ओबरलॉयटनांट रोल्फ रीझन आला.

हिंदी महासागरातली शिकार त्या काळात इतर बोटींनी केली. ‘मॉन्सून’ नावाच्या गटातल्या यू-१६८ ने २ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईच्या नैर्ऋत्येला ‘हायचिंग’ हे जहाज बुडवले. अरबी समुद्राच्या या बाजूला जर्मन पाणबुडी आली ती अशी.

बोर्डोच्या मुक्कामातला एक योगायोग मात्र नोंदवायलाच हवा. नेताजींनी जर्मनीत उभारलेली भारतीय पलटण १९४३ च्या शरदापासून लाकानोला होती, बोर्डोपासून पन्नासेक किलोमीटरवर, अटलांटिकचा किनारा राखत. सेनापती निघून गेल्यावर या सैनिकांचे काय करायचे हे जर्मनांनाही धड ठरवता आले नव्हते. त्यांच्या सेनापतीला घेऊन गेलेली बोट एवढ्या जवळच्या गोदीत इंजिने बदलत उभी होती. कितींना ते ठाऊक असेल, देव जाणे.

ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्तांची फौज फ्रान्समध्ये खोलवर शिरली आणि बोर्डो सोडायची वेळ आली. पलटण महिन्याच्या मध्यावर निघाली, रस्त्याने, जर्मनीच्या दिशेने. यू-१८० जपानसाठी माल भरून २० ऑगस्टला बोर्डोजवळच्या गिरोंद खाडीच्या मुखाकडे निघाली. यू-१९५ ही त्याच आठवड्यात सुटली.

यू-१८० कुठेच पोचली नाही. ५६ माणसांसह ती बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली. युद्धानंतर बराच काळ तिच्या नावापुढे ‘२२ ऑगस्ट, सुरुंग’ असे लिहिले जाई. ब्रिटिश विमाने गिरोंदच्या मुखाशी सुरुंग टाकत असल्यामुळे ते पटण्यासारखेही होते. नंतरच्या अभ्यासकांनी हा निष्कर्ष मागे घेतला. आता ‘२३ ऑगस्टनंतर बेपत्ता, कारण अज्ञात’ अशी नोंद होते. एक शक्यता श्नॉर्केलच्या बिघाडाची सांगतात. पाण्याखाली राहून डिझेल चालवता यावे म्हणून वर काढलेली ही हवेची नळी. तिची झडप अडकली की इंजिने आतलीच हवा ओढू लागतात आणि माणसे गुदमरतात.

त्याच आठवड्यात, २६ ऑगस्टला, बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात आदाम फॉन ट्रॉटला फाशी दिले गेले. २० जुलैच्या हिटलरविरोधी कटात तो सामील होता.

बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. आय-२९ नंतर फ्रान्सपर्यंत जाऊन आली आणि जपानला परतताना २६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकेच्या ‘सॉफिश’ पाणबुडीने तिला बुडवले. नेताजींना नेणाऱ्या दोन्ही बोटी अशा महिन्याभराच्या अंतराने गेल्या. तोमोनागा दोन वर्षे जर्मनीत राहिला. मे १९४५ मध्ये तो यू-२३४ या जर्मन पाणबुडीतून परतत असताना जर्मनीने शरणागती पत्करली. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या, आणि जर्मन खलाशांनी दोघांना समुद्रातच निरोप दिला.

यू-१९५, तशीच इंजिने घेऊन जन्मलेली आणि तशीच मालवाहू केलेली, १९४४ च्या डिसेंबरअखेर बटाव्हियाला (आजचे जकार्ता) पोचली. जर्मनी पडल्यावर जपानने ती ताब्यात घेऊन तिला आय-५०६ हा क्रमांक दिला. ऑगस्ट १९४५ मध्ये ती सुराबायाला दोस्तांच्या हाती लागली, आणि डी-१ प्रकारातली दुसरी व शेवटची बोट तिथे संपली.